थायरॉईडच्या गोळीवर असलेल्या भगिनींनी गहू सोडावा का?



उरणपासून श्रीवर्धनपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावरील कुठल्याही वाडीत चार बाया एकत्र बसल्या, की अलीकडे त्यांतल्या एकीच्या तोंडी ‘थायरॉईड’ हा शब्द असतोच. कुणाला लग्नाआधी निघाला, कुणाला दुसऱ्या बाळंतपणानंतर. सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती बारीक पांढरी गोळी आता घराघरांत पोहोचली आहे. तिच्या पाठोपाठ मोबाईलवरून एक नवा सल्लाही पोहोचला आहे. “गहू बंद करा, ग्लुटेन बंद करा, म्हणजे थायरॉईड मुळापासून जाईल आणि गोळी सुटेल.”

हा सल्ला ऐकून काही भगिनींनी चपाती सोडली आहे. त्यात फारसे बिघडत नाही. पण काहींनी चपातीबरोबर गोळीही सोडली आहे, आणि तेथे मात्र बिघडते. काहींनी शहरातल्या दुकानातून ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेली महागडी पिठे आणली आहेत. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला हा खर्च परवडणारा नाही. म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय नीट उलगडून मांडत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: थायरॉईड असलेल्या प्रत्येकीने गहू सोडण्याची गरज नाही. काही थोड्या जणींना मात्र गहू खरोखरच विष आहे. आपण त्या थोड्यांपैकी आहोत की नाही, हे रक्ताच्या तपासणीने कळते. ती तपासणी गहू सोडण्याच्या आधी करायची असते, नंतर नाही. आणि काहीही झाले तरी गोळी आपल्या मनाने सोडायची नाही.

आजार काय आहे?

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तीच थायरॉईड. तिच्यातून निघणारा रस रक्तात मिसळून शरीराच्या सगळ्या कामांचा वेग ठरवतो. रस कमी पडला की सगळेच मंदावते. अंगात त्राण राहत नाही, थंडी सोसत नाही, शौचास साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, चेहऱ्यावर सूज दिसते, पाळी अनियमित होते, मन उदास राहते. घरची माणसे म्हणतात, “सून आळशी आहे, सदा पडून असते.” ती आळशी नसते, आजारी असते. सासूबाईंनी आणि घरच्या पुरुषांनी हे आधी समजून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

हा रस कमी का पडतो? जगात अनेक ठिकाणी अन्नात आयोडीन नसल्यामुळे पडतो. पण आज ज्या घरांत आयोडीनयुक्त मीठ पोहोचले आहे, तेथे मुख्य कारण वेगळे असते. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी जी प्रतिकारशक्ती असते, तीच चुकून थायरॉईडवर उलटते. घराच्या राखणदाराने घरधन्यालाच चोर समजून मारावे, तसा हा प्रकार आहे. ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. या आजाराला ‘हाशिमोटो’ म्हणतात. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी चार स्त्रियांच्या गळ्यातून काढलेल्या ग्रंथी तपासून १९१२ साली हा आजार प्रथम वर्णन केला. पुढे ते आपल्या गावी परतले आणि गावचे डॉक्टर म्हणून त्यांनी आयुष्य घालवले. हा प्रतिकारशक्तीचा उलटा मार आहे, हे मात्र १९५६ साली लंडनमधील संशोधकांनी दाखवले. रुग्णांच्या रक्तात त्यांना थायरॉईडच्या विरोधात काम करणारी द्रव्ये सापडली. आज रक्ततपासणीच्या कागदावर ‘अँटी-टीपीओ’ असे जे लिहिलेले असते, ते याच जातीचे द्रव्य होय.

हा आजार थोडाथोडका नाही. मुंबई आणि गोवा धरून देशातील आठ शहरांत ५ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली होती. तिचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या १०० जणांत सुमारे ११ जणांचा थायरॉईड मंद निघाला, आणि त्यांत बायांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त होते. तेव्हा ज्या भगिनीला हा आजार निघाला, तिने “माझ्याच नशिबी का” असे म्हणून खचून जाऊ नये.

ग्लुटेन म्हणजे काय?

नाव परके वाटले तरी वस्तू आपल्या परातीतलीच आहे. गव्हाची कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो, लाटी ओढली तरी तुटत नाही, तो चिवटपणा म्हणजे ग्लुटेन. ते एक प्रथिन आहे. गव्हात, जवात आणि परदेशात होणाऱ्या राय नावाच्या धान्यात ते असते. तांदळात ते नसते. म्हणून तर तांदळाचे पीठ थंड पाण्यात मळून भाकरी होत नाही. उकड काढावी लागते किंवा कढत पाण्यात पीठ मळावे लागते, आणि तरीही भाकरी हलक्या हाताने थापावी लागते. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी यांतही ग्लुटेन नाही. कोणत्या पिठात ग्लुटेन आहे आणि कोणत्यात नाही, हे आपल्या आया-आज्यांच्या हातांना नाव न घेताच माहीत होते.

गव्हाचा खरा आजार

आता ज्यांना गहू विष ठरतो, त्यांच्याबद्दल. या आजाराचे नाव ‘सीलिॲक’. यातही प्रतिकारशक्तीच उलटते, पण मार बसतो तो लहान आतड्यावर. गहू पोटात गेला की आतड्याच्या आतील मऊ लव झडू लागते. अन्नाचा कस शोषून घेणारी ती लवच गेली, म्हणजे खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब, पोट फुगणे, वजन घटणे, गोळ्या घेऊनही न सुधारणारा रक्तक्षय, मुलांची उंची न वाढणे ही याची लक्षणे होत. काहींना पोटाचा त्रास मुळीच नसतो, फक्त रक्त कमी असते आणि हाडे दुखतात.

या आजाराचे मूळ गव्हात आहे, हे हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी शोधले. त्यांना आधीपासून तशी शंका होती. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. सगळा देश खंगत असताना या आजाराची मुले मात्र सुधारली. पुढे पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. महायुद्धानंतर डिके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून गहू हेच कारण असल्याचे सिद्ध केले.

आपल्या देशात हा आजार कुठे किती आहे, याचीही पाहणी झाली आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ हजारांहून अधिक निरोगी प्रौढांचे रक्त तपासले होते. उत्तर भारतात १०० जणांत साधारण एकाला हा आजार आढळला, तर दक्षिणेत १,००० जणांत साधारण एकाला. उत्तरेत रोजचे अन्न गव्हाची रोटी, दक्षिणेत भात. आपली कोकणपट्टी ही भात खाणारी भूमी. अलिबाग-पेणच्या खारेपाटात, मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या तांदळाची भाकरी आणि भातच खाल्ला गेला. गहू आपल्या ताटात रोजचा झाला तो रेशनचा गहू, बेकरीचा पाव आणि चहाबरोबरचे बिस्कीट यांच्या वाटेने. तेव्हा हा आजार आपल्याकडे पुष्कळांना असेल, असे समजण्याचे कारण नाही. पण कुणालाच नसेल, असेही समजू नये.

थायरॉईडचा आणि गव्हाचा संबंध

प्रतिकारशक्ती एका ठिकाणी उलटली, की ती दुसरीकडेही उलटण्याचा संभव वाढतो. म्हणून हाशिमोटो असलेल्यांत सीलिॲकचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. निरनिराळ्या देशांतील अभ्यास पाहिले, तर १०० थायरॉईड रुग्णांत साधारण एक ते चार जणांना तो असतो. म्हणजे उरलेल्या ९६ ते ९९ जणांना तो नसतो. मोबाईलवरचा सल्ला चौघींसाठी खरा असेलही, पण तो सांगितला जातो शंभर जणींना.

“पण सीलिॲक नसला तरी गहू सोडल्याने थायरॉईडला फायदा होतो ना?” असे काही भगिनी विचारतात. याचाही शोध झाला आहे. २०१९ साली पोलंडमधून ३४ स्त्रियांवरील एक लहान अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींना सहा महिने ग्लुटेन नसलेला आहार दिला. त्यांच्या रक्तातील विरोधी द्रव्ये थोडी कमी झाली, पण थायरॉईडच्या कामाचे माप जे टीएसएच, त्यात फरक पडला नाही. एवढ्या लहान अभ्यासावर मोठा निष्कर्ष काढता येत नाही. ‘गहू सोडला आणि गोळी सुटली’ हे तर त्यातून मुळीच सिद्ध होत नाही.

मग गहू सोडल्यावर काहींना बरे का वाटते? कारण गव्हाबरोबर पाव, खारी, टोस्ट, बिस्किटे, वडापाव, समोसा, नूडल्स हे सगळेच सुटते. मैदा, साखर आणि तेल कमी झाले, की पोट हलके होते आणि वजन उतरते. काहींच्या पोटाला गव्हातील दुसरी काही घटकद्रव्ये सोसत नाहीत, त्यांचे पोट फुगणे थांबते. त्यांनी गहू कमी खावा, आमची हरकत नाही. पण त्याने थायरॉईड बरा झाला, असे समजू नये.

आधी तपासणी, मग पथ्य

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सीलिॲक ओळखण्यासाठी रक्ताची एक तपासणी असते, तिचे नाव ‘टीटीजी-आयजीए’. गव्हामुळे शरीरात जी विरोधी द्रव्ये तयार होतात, ती या तपासणीत मोजतात. माणसाने आधीच गहू सोडला असेल, तर ही द्रव्ये उतरतात आणि आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही. मग डॉक्टरांना पुन्हा काही आठवडे गहू खायला सांगावे लागते, आणि त्या काळात रुग्णाला पुन्हा त्रास सोसावा लागतो. म्हणून म्हणतो, शंका असेल तर रोजची चपाती चालू ठेवूनच रक्त द्यावे. तपासणीत दोष दिसला, तर डॉक्टर तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याचा बारीक तुकडा तपासतात आणि मगच निदान पक्के करतात.

ही तपासणी प्रत्येकीने करावी का? तसे नाही. पण पुढीलपैकी काही असेल, तर डॉक्टरांकडे जरूर विचारणा करावी.

एक, लोहाच्या गोळ्या महिनोन् महिने घेऊनही रक्त वाढत नसेल.

दोन, वारंवार जुलाब होत असतील, पोट फुगत असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल.

तीन, थायरॉईडची गोळी नियमाने घेत असूनही मात्रा वाढवत न्यावी लागत असेल आणि टीएसएच आटोक्यात येत नसेल. आतडे खराब असले की गोळीही अंगी लागत नाही.

चार, घरात आई, भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी कुणाला सीलिॲक असेल.

पाच, थायरॉईड असलेल्या मुलाची किंवा मुलीची उंची वाढत नसेल.

अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आधी चौकशी करावी. तेथे सोय होत नसेल, तर मुंबईच्या केईएम किंवा जे. जे. रुग्णालयाचा कागद मागून घ्यावा. जाताना जुने रिपोर्ट, गोळीचे पाकीट आणि लोहाच्या गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे. एका दिवसाची मजुरी बुडते हे आम्ही जाणतो. पण कागद पूर्ण नसले, की दुसरी फेरी होते आणि दोन दिवसांची बुडते.

सीलिॲक निघालाच तर

निदान पक्के झाले, तर गहू आयुष्यभर सोडावा लागतो, आणि पूर्ण सोडावा लागतो. ‘सणापुरता एक घास’ असे येथे चालत नाही. पण किनाऱ्यावरच्या माणसाने त्यासाठी घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण आपले जुने जेवणच या आजाराचे पथ्य आहे. तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी, भात, पेज, घावणे, पोहे, कुरमुरे, वरीचे तांदूळ, सर्व डाळी, वाल, पावटे, चवळी, भाज्या, अंडी, ताजी मासळी, सुकट, बोंबील, सोडे, मटण, दूध-ताक, शेंगदाणे, नारळ, फळे हे सगळे चालते. दुकानातील महागड्या पिठांची गरज नाही.

लक्ष द्यायचे ते लपलेल्या गव्हाकडे. तो कुठे लपतो पाहा.

मासळी तळताना आपण रवा लावतो. रवा म्हणजे गहूच. त्याऐवजी तांदळाचे पीठ लावावे, तुकडी तेवढीच कुरकुरीत होते. तळणीचे तेलही वेगळे असावे. रव्याची मासळी तळलेल्या तेलात रुग्णाची मासळी तळू नये.

बाजारात डबीत मिळणारा हिंग बहुधा निव्वळ नसतो, त्यात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. डबीवरील मजकूर वाचावा किंवा फोडणीला हिंगाऐवजी लसूण वापरावी.

शिरा, उपमा, शेवया, कुरडया, सातूचे पीठ हे वर्ज्य. दुधात घालायच्या ताकदीच्या पावडरींत बहुतेक वेळा जवाचे माल्ट असते, तेही वर्ज्य. चायनीजच्या गाडीवरील काळ्या सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो.

गिरणी ही तर मोठी अडचण. आधी कुणाचे गहू दळले असतील आणि मागून आपले तांदूळ टाकले, तर गव्हाचे पीठ त्यात येतेच. गिरणीवाल्याला सांगून तांदळाचा घाणा झाल्यावर आपले दळण घ्यावे किंवा गहू दळण्याआधी सकाळी पहिले दळण आपले ठेवावे. घरात जमत असेल, तर रुग्णासाठी वेगळी परात आणि वेगळा तवा असावा. चपातीची पिठी उडते तेथे उघडे अन्न ठेवू नये.

पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावे, असा आपल्या देशाचा नियम आहे. पण साधा तांदूळ, डाळ आणि मासळी यांना त्या शिक्क्याची जरूर नाही. शिक्का शोधायचा तो फक्त तयार पिठे आणि बेकरीच्या मालावर.

रेशनवर तांदळाबरोबर गहू मिळत असेल, तर रुग्णाला तांदूळ द्यावा आणि गहू घरातील इतरांनी खावा. एकाच्या आजारासाठी सगळ्या घराने हक्काचे धान्य सोडण्याची गरज नाही. वैशाख पौर्णिमेला विहारात खीर वाटली जाते. ती तांदळाची असेल, तर रुग्णालाही खाता येते, शेवयांची किंवा गव्हाची असेल तर नाही. खीर करणाऱ्या मंडळींनी एवढे लक्षात ठेवले, तर पंगतीतून कुणाला उठून जावे लागणार नाही.

गहू सुटल्यावर काही महिन्यांत आतडे भरून येऊ लागते आणि थायरॉईडची गोळी अधिक अंगी लागते. त्यामुळे आधीची मात्रा जास्त होऊ शकते. छातीत धडधड, हातांना कंप, झोप न लागणे असे दिसले, तर लगेच टीएसएच तपासावे. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांनी.

सीलिॲक नसेल तर काय खावे?

सीलिॲक नसेल, तर चपाती खुशाल खावी. थायरॉईड बरा करणारे असे कोणतेही विशेष अन्न नाही. मात्र कस असलेले अन्न हवे. ज्यांनी गहू सोडून तिन्ही वेळ नुसता पांढरा भात सुरू केला आहे, त्यांच्या रक्तातील साखर वाढण्याचा संभव असतो. म्हणून भाताबरोबर नाचणी असावी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. डाळ, कडधान्य, अंडे किंवा मासळी यांपैकी काहीतरी रोज पोटात जावे. सुकी मासळी स्वस्त आणि कसदार आहे, पण फार खारट असते. ती नीट धुऊन घ्यावी.

कोबी, फ्लॉवर, मुळा यांच्याविषयी उगीच भीती पसरली आहे. शिजवून, बेताने खाल्ल्यास त्यांनी काही होत नाही. रोज तिन्ही वेळ फक्त बाजरी खाणाऱ्या आणि आयोडीन कमी मिळणाऱ्या लोकांत गळ्याच्या गाठी आढळल्या आहेत. आपल्याकडे हिवाळ्यात होणाऱ्या बाजरीच्या भाकरीने तसे होत नाही.

मिठाचा गैरसमज

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक समजूत आहे: “आम्ही समुद्राकाठचे, आमच्या मिठातच आयोडीन.” हे खरे नाही. पेण-उरणच्या मिठागरांत पिकणाऱ्या खडे मिठात, त्यात मुद्दाम आयोडीन मिसळल्याखेरीज, ते नगण्य असते. मासळीतून थोडे मिळते, पण घरातील सर्वांना पुरेसे मिळावे म्हणून आयोडीनयुक्त मीठ हवे. मासळी खारवायला खडे मीठ वापरा, पण रोजच्या आमटी-भाताला आयोडीनचे पाकीट वापरा. गळ्याच्या गाठींविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९६२ पासून सुरू आहे. घरी पोहोचलेल्या मिठात १० लाख भागांस किमान १५ भाग आयोडीन असावे, असा नियम आहे. पाकीट उघडल्यावर झाकणाच्या बरणीत ठेवावे. चुलीजवळ किंवा ओलीत ठेवल्यास आयोडीन उडते. सैंधव आणि गुलाबी मीठ आरोग्याचे म्हणून विकले जाते. त्यात आयोडीन मिसळलेले नसेल, तर ते रोजचे मीठ करू नये. उलट आयोडीनच्या जादा गोळ्या किंवा समुद्रशेवाळाच्या पावडरीही घेऊ नयेत. हाशिमोटोमध्ये आयोडीन फार झाले, तरी आजार बळावतो.

गोळी कशी घ्यावी?

गव्हापेक्षा कितीतरी पटीने महत्त्वाचा हा भाग आहे. अनेक भगिनींचा टीएसएच गव्हामुळे नव्हे, तर चहामुळे बिघडलेला असतो. गोळी आणि चहा एकदमच घेतला जातो. गोळी फक्त पाण्याबरोबर, उपाशीपोटी घ्यावी आणि नंतर निदान अर्धा तास, जमल्यास एक तास, चहासुद्धा घेऊ नये. पहाटेची एसटी किंवा पहिली पाळी गाठायची असेल, तर उठल्या उठल्या, चूल पेटवण्याआधी गोळी घ्यावी. डबा होईपर्यंत तेवढा वेळ जातो. तेही जमत नसेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेता येते.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर कधीही घेऊ नये. चार तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर घेतली, म्हणजे प्रश्न मिटतो. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. गोळी सकाळी विसरली, तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. मात्रा बदलली, की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे. आपल्या किनाऱ्याची हवा दमट, म्हणून पाकीट कोरड्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवावे.

गरोदर भगिनींसाठी विशेष. पोटातील बाळाला पहिले काही महिने आईच्याच थायरॉईडवर अवलंबून राहावे लागते. बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर चालते. गरोदरपणात गोळीची मात्रा बहुधा वाढवावी लागते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच टीएसएच तपासून घ्यावे. या काळात कुणाच्याही सांगण्यावरून गोळी सोडू नये. ‘गरोदरपणी औषधे नकोत’ हा सल्ला या गोळीला लागू नाही.

ही गोळी देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि ती स्वस्त आहे. शरीरात जो रस कमी पडला, तोच रस ती भरून काढते. तिची सवय लागते, ती व्यसनासारखी आहे, हा समज चुकीचा आहे. भाताची सवय जशी व्यसन नव्हे, तशीच ही.

शेवटी घरातील कर्त्या माणसांना एक विनंती. घरात थायरॉईड असलेली बाई असेल, तर तिच्या ताटातली चपाती काढून घेण्याऐवजी सकाळी तिचा चहा अर्धा तास उशिरा होईल एवढे पाहा. रक्त तपासायला जायचे असेल, त्या दिवशी तिच्याबरोबर जा आणि कागद सांभाळून ठेवा. तपासणीत काही निघाले नाही, तर उकडीची भाकरी असो की चपाती, तिला पोटभर जेवू द्या. आणि निघालेच, तर तांदूळ, नाचणी आणि मासळी आपल्या किनाऱ्यावर आहेतच.